खेळणं म्हणणाऱ्यांसाठी, तीन हॉर्सपॉवरचं उत्तर

"फौजी साहब, बच्चे के लिए बना रहे हो?"

टहरौलीच्या बाजारात एक मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पेन्शनवर गेलेल्या एका नायकाचं. सुट्टीच्या दिवशी मी तिथे जाऊन बसतो आणि हा प्रश्न दिवसातून चार वेळा ऐकतो. समोर टेबलावर माझा ट्रक असतो. रिमोटवर चालणारा, विजेचा, पाच किलोचा, सतरा सेंटीमीटर व्यासाच्या चाकांचा. पूर्वी हसून सोडून द्यायचो. आता सोडत नाही, कारण हाच प्रश्न मला गावाकडून फोनवर येतो आणि आपल्याच फौजी मित्रांकडूनही येतो. "अरे, वय काय तुझं?"

तर मंडळी, आधी हिशोब करू. बॅटरीत सहा सेल, प्रत्येकी ३.७ व्होल्ट, म्हणजे २२.२ व्होल्ट. पूर्ण जोर दिला की मोटर क्षणभर १०० अँपिअर ओढते. गुणाकार करा, २,२२० वॅट. ७४६ वॅटचा एक हॉर्सपॉवर, म्हणजे जवळजवळ तीन हॉर्सपॉवर. बेतवा आणि धसान यांच्या मधल्या या मुलखात तीन हॉर्सपॉवरच्या पंपावर विहिरीतून पाणी उपसून शेत भिजवतात. त्या पंपाला कोणी खेळणं म्हणत नाही.

अजून एक हिशोब. पाच किलोची वस्तू ताशी साठ किलोमीटरने पळत असेल, तर तिच्यातली ऊर्जा सुमारे सातशे ज्यूल होते. तीच वस्तू चौदा मीटरवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली टाकल्यासारखी. म्हणून माझा पहिला नियम असा की ट्रक चालू असताना वीस पावलांच्या आत कोणी उभं राहायचं नाही. दुसरा नियम, मैदानात उतरवण्याआधी चाकं अधांतरी ठेवून रिमोट मुद्दाम बंद करायचा. सिग्नल तुटल्यावर मोटर आपोआप थांबली नाही तर त्या दिवशी ट्रक पेटीतून बाहेर काढायचा नाही. खेळण्याला असले नियम लागत नाहीत, यंत्राला लागतात.

दुसरं भांडण आहे तयार गाडी विकत घेणाऱ्यांशी. पैसे आहेत, घ्या. पण खोका उघडला, बॅटरी जोडली, पळवली, मोडली आणि नवीन मागवली, याला छंद म्हणा, शिक्षण म्हणू नका. डिफरन्शियलमध्ये किती घट्ट तेल घालायचं, पिनियनला एक दात वाढवला तर मोटर किती जास्त तापेल, हे मोडलेली गाडी स्वतः उघडल्याशिवाय कळत नाही.

तिसरं भांडण जुगाडाशी, आणि हे आपल्या सगळ्यांचं दुखणं आहे. जुगाडाचं आपण फार कौतुक करतो. मीही केलं. लिथियम पॉलिमर बॅटरीला जो चार्जर चालायला नको होता तो लावला, "चालतंय की" म्हणून. बॅटरी फुगली. वाळूच्या बादलीत टाकली म्हणून दुकान वाचलं. चूक संपूर्ण माझी. सेल ४.२ व्होल्टच्या वर न्यायचा नाही, तीनच्या खाली उतरू द्यायचा नाही, हे मला पाठ होतं. पाठ असणं आणि मीटर लावून बघणं यात जे अंतर आहे, त्यालाच आपण लाडाने जुगाड म्हणतो.

त्याच दुकानातली दुसरी गोष्ट सांगतो. माझी मोटर जळाली. बाहेरचा डबा फिरतो त्या जातीची, मुठीत मावणारी. नायक साहेबांनी असली मोटर आयुष्यात पाहिली नव्हती. त्यांनी उघडली, तीन टोकं मोजली आणि विचारलं, "स्टार में है कि डेल्टा में?" बस. पंपाच्या स्टार-डेल्टा स्टार्टरवर ज्याची हयात गेली, त्याला मी काय शिकवणार? तेवढेच वेढे स्टारऐवजी डेल्टात जोडले की त्याच व्होल्टेजला वेग १.७३ पट होतो आणि करंटही वाढतो, हे त्यांनीच मला समजावलं. मोटर त्यांनी नव्याने भरली. आजही तीच चालते.

आता मुद्द्यावर येतो. असे हात आपल्याकडे हजारो आहेत. ईएमई, सिग्नल्स, इंजिनिअर्समधून दर वर्षी कारागीर पेन्शनवर येतात आणि त्यातले कितीतरी एटीएमच्या दारात खुर्ची टाकून बसतात. मला याची चीड येते. काम हलकं आहे म्हणून नाही, हात वाया जातो म्हणून. रिमोटवर चालणारी विजेची गाडी काय करते हे आपण पाहिलं आहे. पुण्याजवळ दिघीला डीआरडीओच्या प्रयोगशाळेत तयार झालेला 'दक्ष' जिने चढतो, संशयित बॉम्ब उचलतो आणि माणसाच्या जागी पुढे जातो. माझा ट्रक 'दक्ष' नाही. पण दोघांची बाराखडी एकच आहे: बॅटरी, मोटर, कंट्रोलर, सिग्नल, गिअर.

कोणी म्हणेल, मोटरची चुंबकं आणि सेल तर बाहेरूनच येतात, मग कसला अभिमान? बरोबर आहे. एप्रिल २०२५मध्ये चीनने दुर्मिळ खनिजांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यातीचे निर्बंध घातले, तेव्हा भारतातले वाहन कारखानेही धास्तावले. टहरौलीशेजारच्या गुरसरायला गोविंदपंत बुंदेल्यांच्या खेर घराण्याची जहागीर होती. पंत अब्दालीची रसद तोडता तोडता डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले आणि महिन्याभरात पानिपतावर आपलं सैन्य उपाशीपोटी लढलं. रसद दुसऱ्याच्या हातात असली की काय होतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पण चुंबक बनत नाही म्हणून चासी, आक्सल, गिअर आणि वाइंडिंगसुद्धा शिकायचं नाही, हा कुठला न्याय? जे हातात आहे ते तरी पक्कं करा.

म्हणून पेन्शनवर गेलेल्या भावांना माझं सांगणं आहे. प्रत्येक पोराला ट्रक घेऊन द्या असं मी म्हणत नाही. गावच्या शाळेत एक गाडी, एक मीटर, एक सोल्डरिंग आयर्न आणि रविवारचे दोन तास, एवढं पुरे. दहा पोरं एकाच गाडीवर शिकतील. मोडू द्या, उघडू द्या, मोजायला लावा.

गेल्या रविवारी दुकानाबाहेर पोरांचा घोळका होता. बाकीच्यांनी विचारलं, "कितना तेज भागेगा?" एक बारका मात्र मीटरकडे बोट दाखवून म्हणाला, "इसमें कितना एंपियर जाता है?"

त्याला मी वीस पावलांच्या आत घेतलं. ट्रक बंद करून.