पूल बांधला, शाळेचं काय?

मोस्तारला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, तो पुलाबद्दलच सांगेल. हिरव्या नेरेत्वा नदीवरची दगडी कमान, तिच्यावरून पाण्यात सूर मारणारी पोरं, आणि मग एक ठरलेलं वाक्य : "युद्धाच्या जखमा आता भरल्यात हो!" आमच्या सहलीतली मंडळीही बसमध्ये चढता चढता हेच म्हणाली. मला हे वाक्य मान्य नाही. का, ते लिहिते.

आधी थोडा इतिहास. (मास्तरकीची खोड, जाता जात नाही!) हा पूल उस्मानी तुर्कांच्या काळातला, १५६६ साली पुरा झालेला. १९९२ मध्ये बोस्नियात युद्ध पेटलं तेव्हा मोस्तारचे क्रोएट आणि बोस्नियाक, म्हणजे बहुतेक कॅथलिक आणि मुसलमान, सर्बांविरुद्ध एकत्र लढले. १९९३ मध्ये तेच एकमेकांवर उलटले. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी क्रोएट फौजेच्या माऱ्याने पूल नदीत कोसळला. पुढे देशोदेशींचे पैसे आले, तिथलाच दगड वापरून २३ जुलै २००४ रोजी पूल पुन्हा उभा राहिला. २००५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं, समेटाचं प्रतीक म्हणून गौरवलं.

उत्तम झालं. पण पुलापासून पश्चिमेला दहा-पंधरा मिनिटं चाला. बुलेवार नावाचा रस्ता लागतो. युद्धात दोन बाजूंच्या मधली सीमा हीच होती. गोळ्यांनी चाळण झालेल्या काही भिंती अजून तशाच उभ्या आहेत. तिथेच स्पॅनिश चौकात एक देखणी, केशरी रंगाची इमारत आहे : गिम्नाझिया, शहरातली जुनी माध्यमिक शाळा. सहलीच्या कार्यक्रमात ती नव्हती. मी मोकळ्या वेळात जाऊन बाहेरून पाहून आले.

या शाळेचा कारभार २००४ मध्ये एक केला गेला, पण अभ्यासक्रम दोन राहिले. क्रोएट मुलांचा वेगळा, बोस्नियाक मुलांचा वेगळा. देशात इतरत्र याहून वाईट प्रकार आहे. त्याला तिथे 'एका छपराखाली दोन शाळा' असंच म्हणतात. अशा पन्नासहून अधिक शाळा २०१८ मध्येही होत्या. कुठे दारं वेगळी, कुठे वेळा वेगळ्या. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये याला भेदभाव ठरवलं, तरी हे संपलं नाही.

तुम्ही म्हणाल, मुलांनी आपापल्या भाषेत शिकावं, यात वाईट काय? तिथले पुढारीही हेच म्हणतात, आणि माझा राग इथेच आहे. मी जन्मभर मराठी शाळेत शिकवलं. मातृभाषेतून शिक्षण हवं म्हणून भांडले. पण तिथली भाषा म्हणजे काय, तर एक जण कॉफीला 'काव्हा' म्हणतो, दुसरा 'काह्वा'. दोघांना एकमेकांचं सगळं समजतं. आपल्या सातारच्या आणि नागपूरच्या बोलण्यात याहून अधिक अंतर निघेल! मुलाला धडा समजावा म्हणून मातृभाषा मागायची असते. शेजारचं मूल वर्गात नको म्हणून मातृभाषा पुढे करणं ही तिची विटंबना आहे.

दुसरा युक्तिवाद असा की घाव ओले आहेत, वेगळं ठेवलं तर निदान भांडणं होणार नाहीत. पण किती वर्षं? पूल पुन्हा उभा राहिला त्या वर्षी जन्मलेली मुलं शाळा संपवून बाहेरही पडली. या वेगळेपणावर राजकारण मात्र पोसलं गेलं. निवडणुकीच्या नियमांवर पक्षांचं जमेना म्हणून मोस्तारमध्ये २००८ नंतर थेट २०२० साली नगरपालिकेची निवडणूक झाली. शहरात दोन विद्यापीठं आहेत. फुटबॉलच्या दोन संघांचे चाहतेसुद्धा याच रेषेवर वाटले गेलेत.

हे लोकांच्या रक्तातच आहे, असं मात्र कुणी म्हणू नये. यायत्से नावाच्या गावात मुलांची अशीच फाळणी करायचा बेत होता. तिथली शाळकरी पोरं, क्रोएट आणि बोस्नियाक दोन्ही, मिळून रस्त्यावर उतरली. २०१७ मध्ये सरकारला बेत सोडावा लागला.

पुलासाठी जगाने पैसे दिले, कारण त्याचा फोटो निघतो. एका वर्गात दोन घरची मुलं बसवायला दगडही लागत नाहीत, पैसेही फारसे लागत नाहीत. मोठ्यांनी सत्तेचा थोडा वाटा सोडायला हवा, एवढंच. तो ते सोडत नाहीत, तोवर मोस्तारच्या जखमा भरल्या असं कृपा करून मला सांगू नका.