हनुवटी मागे नाही, जबडा मागे आहे



आज काही जणींना राग येईल. येऊ दे. आपल्या समाजात एक नवी पद्धत सुरू झाली आहे: लग्नाच्या वयाच्या मुलीला "हनुवटीत थोडंसं भरून घे, फोटो छान येतात" असं सांगायची. ती मला मान्य नाही. आणि जिचा जबडा खरोखरच मागे आहे तिला "देह नश्वर, कशाला ती कापाकापी" म्हणून गप्प बसवायची जुनी पद्धत आहे, तीही मला मान्य नाही. गंमत म्हणजे हे दोन्ही सांगणाऱ्या बायका कार्यक्रमात एकाच सतरंजीवर शेजारी शेजारी बसलेल्या असतात, आणि दोघींपैकी एकीनंही त्या मुलीला "बाळ, तुझे दात नीट मिटतात का गं?" एवढं विचारलेलं नसतं.

मी हे लिहिते कारण माझ्याच घरात हा निर्णय गेलं दीड वर्ष चालू आहे. लेक बावीस वर्षांची होती तेव्हा एका मध्यस्थ काकूंनी सांगितलं, "सगळं छान आहे हो, हनुवटी तेवढी आत आहे. हल्ली इंजेक्शननं होतं म्हणे." पाठोपाठ एका स्थळाकडून बाजूनं काढलेला फोटो मागवला गेला. पूर्वी पत्रिका मागायचे, आता कुशीवरून फोटो! मग आम्ही एका सौंदर्य क्लिनिकमध्ये विचारायला गेलो. तिथल्या बाईंनी पंधरा मिनिटांत फिलरचा भाव सांगितला, हनुवटीचा सिलिकॉन इम्प्लांट दाखवला, लग्नाआधी किती महिने यायचं तेही सांगितलं. पण लेकीला "तोंड उघड" असं कुणी म्हटलं नाही.

तोंड उघडायला सांगितलं ते दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टरांनी. वरचे पुढचे दात आणि खालचे पुढचे दात यांच्यात आडवं अंतर साधारण दोन-तीन मिलिमीटर असावं. तिचं नऊ होतं. खालचे दात मिटताना वर टाळूला टेकत होते. लहानपणापासून ती भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडत नाही, बाजूच्या दातांनी ओढते. आम्हाला वाटायचं, सवय आहे.

आता फरक नीट समजून घ्या, कारण सगळं भांडण इथेच आहे. हनुवटी म्हणजे खालच्या जबड्याचं पुढचं टोक. कुणाचा जबडा जागेवर असतो, दात नीट मिटतात, फक्त ते टोक लहान असतं. तिथे हनुवटीचं ऑपरेशन बरोबर आहे. दातांच्या मुळांच्या खाली हाड आडवं कापून पुढे सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्टीनं बसवतात. याला जेनिओप्लास्टी म्हणतात. दात जिथे होते तिथेच राहतात. पण कुणाचा अख्खा खालचा जबडाच लहान किंवा मागे असतो, दातांसकट. डबा लहान आणि झाकण मोठं असेल तर डब्याच्या पुढच्या कडेला पट्टी चिकटवून झाकण बसतं का? तसंच आहे हे. फिलर घाला, इम्प्लांट घाला, बाजूनं फोटो सुधारेल. भाकरी मात्र बाजूच्याच दातांनी तोडावी लागेल.

त्यासाठी जबड्याचंच ऑपरेशन लागतं. दोन्ही बाजूंना, अक्कलदाढेच्या मागच्या भागात, हाड उभं चिरून त्याचे दोन थर एकमेकांवरून सरकवतात आणि दातांसकट जबडा पुढे आणतात. हे तंत्र काही कालपरवाचं फॅड नव्हे. झुरिकचे सर्जन ह्यूगो ओब्वेगेझर यांनी ते १९५७ साली इंग्रजीत मांडलं, तेव्हापासून ते सुधारत आलं आहे. सगळं तोंडाच्या आतून होतं, चेहऱ्यावर व्रण सहसा राहत नाही.

आणि झोपेचं काय? जिभेचा मुख्य स्नायू हनुवटीच्या हाडाला आतून चिकटलेला असतो. जबडा मागे, तर जीभही मागे, आणि झोपेत घशाची वाट अरुंद. प्रत्येकीला हा त्रास होतो असं नाही. पण बारीक अंगाची तरुण मुलगी घोरते, सकाळी डोकं दुखत उठते, दिवसभर पेंगते, तेव्हा झोपेची तपासणी करून घ्यायला हवी. तासाला पाचपेक्षा जास्त वेळा श्वास अडत असेल तर तो आजारात मोजतात, तीसच्या वर गेला तर गंभीर. स्वाध्यायाला बसल्यावर डुलक्या घेते म्हणून आपण मुलीला चारचौघींत बोलतो. ती रात्रभर झोपली तरी का, हे कुणी बघत नाही. हनुवटीचं हाड पुढे सरकवलं तर तो स्नायू थोडा पुढे ओढला जातो, हे मान्य. फिलर आणि इम्प्लांटनं तेवढंही होत नाही.

बरं, आधी इम्प्लांट घालू, जबड्याचं पुढे बघू, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की जबडा पुढे आला की हनुवटीही त्याच्याबरोबर येते. मग आधी घातलेला इम्प्लांट जास्तीचा होतो, तो काढावा लागू शकतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी जबडा, आणि त्यानंतरही हनुवटी लहान वाटली तर तिचा विचार. पुष्कळदा सर्जन दोन्ही एकाच वेळी करतात.

असाच एक सोपा वाटणारा रस्ता दातांचा असतो. वरच्या दोन दाढा काढून पुढचे दात मागे ओढायचे. अंतर कमी असेल तेव्हा हा चांगला उपाय आहे. पण अंतर मोठं असेल आणि पुढे कधी जबड्याचं ऑपरेशन करायचं असेल, तर जबडा पुढे आणायला जागाच उरत नाही. दाढ काढण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

आता मुलींच्या आयांना न आवडणारी गोष्ट. जबड्याच्या ऑपरेशनआधी वर्ष-दीड वर्ष तारा लावतात, आणि त्या काळात चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो! कारण जबडा मागे असला की निसर्ग आपल्या परीनं जुळवून घेतो, खालचे दात पुढे कलतात. डॉक्टर ते सरळ करतात, तेव्हा अंतर आणखी वाढतं. माझ्या लेकीचं नऊचं अकरा झालं आहे. ऑपरेशननंतरही काही महिने तारा असतातच. म्हणजे स्थळं बघण्याच्या ऐन वयात दोन वर्षं तोंडात तारा. इंजेक्शन मात्र अर्ध्या तासात होतं. म्हणून क्लिनिक जिंकतं आणि मुलगी हरते. ते इंजेक्शन साधारण वर्ष-दोन वर्षांत विरून जातं, हे मध्यस्थ काकू सांगत नाहीत. तोवर लग्न झालेलं असतं ना!

लग्नाच्या तारखेवरून ऑपरेशन ठरवणं हा मुलीचा अपमान आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या घराला दोन वर्षं थांबता येत नाही, त्या घरी आपली मुलगी आजारी पडली तर काय होईल याचा विचार करा.

आता दुसऱ्या बाजूच्या बायकांकडे वळते. "शरीराचं संस्थान नामकर्मानं मिळतं, त्यात ढवळाढवळ कशाला?" हे मला एका गुडघे बदलून घेतलेल्या आजींनी सांगितलं. त्यांचा मान ठेवून लिहिते. संस्थान नामकर्मानं मिळतं, खरं आहे. दुखणं असातावेदनीय कर्माच्या उदयानं येतं, हेही तितकंच खरं. तरी ताप आला की आपण गोळी घेतो, मोतीबिंदू काढतो. चार दानांत औषधदान सांगितलं आहे ते उगीच नाही. सनत्कुमार चक्रवर्तींची कथा तर प्रत्येक वेळी पुढे केली जाते, की बघा, एवढं रूप, तेही गेलं. पण रूपाचा मोह त्यांनी स्वतः सोडला, त्यांना कुणी सतरंजीवरून तसं सांगितलं नव्हतं. आणि रोग सहन केले ते मुनी झाल्यावर. श्राविकेच्या घरातल्या पोरीवर मुनींचा परिषह लादायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आठ मदांत शरीराचाही मद आहे. तो शोधायचाच असेल तर बाजूनं काढलेला फोटो मागणाऱ्यांत आधी शोधा.

आणि उलटंही सांगते. जिचा जबडा जागेवर आहे, दात नीट मिटतात, पण लहान हनुवटीमुळे जी खरोखर बेचैन आहे, तिनं सज्ञान झाल्यावर विचार करून जेनिओप्लास्टी केली तर तिला पापी ठरवू नका. जिला काहीच करायचं नाही, तिलाही सोडा. माझा राग ऑपरेशनवर नाही. दुसऱ्याच्या तोंडाचा निर्णय तिसरीनं घेण्यावर आहे.

धोका लपवू नका, हेही आयांना सांगते. खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाणीव देणारी नस जबड्याच्या हाडातूनच जाते. ऑपरेशननंतर ओठ काही आठवडे, काही महिने बधिर राहणं नेहमीचं आहे. काहींचा थोडा बधिरपणा कायम राहतो. पाणी ओठावरून ओघळलं तरी कळत नाही. हे लेकीला आधी माहीत हवं, आणि हो किंवा नाही तिनंच म्हणायला हवं. जबड्याच्या सांध्याचीही तपासणी करून घ्या. तरुण मुलींमध्ये कधी कधी सांध्याचं हाड झिजत जाऊन हनुवटी हळूहळू मागे जाते. चौदाव्या वर्षी नीट असलेली हनुवटी अठराव्या वर्षी मागे दिसू लागली, तर आधी ते झिजणं थांबलं आहे का हे पाहतात.

खर्चाचं थोडक्यात सांगते. केवळ दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही. जबड्याच्या ऑपरेशनला वैद्यकीय गरज असल्याचं डॉक्टरांचं पत्र आणि तपासण्या जोडून आधीच कंपनीला विचारा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांतही विचारायला लाजू नका.

आता आपल्या स्वयंपाकघराचा प्रश्न, जो कुठल्याच डॉक्टरांच्या कागदावर नसतो. पहिले दोन आठवडे सगळं पातळ, पुढे महिनाभर मऊ. आम्हाला मिळालेल्या आहाराच्या कागदावर चिकन सूप, अंडं आणि कुस्करलेला बटाटा लिहिला होता. तिन्ही आपल्या उपयोगाचे नाहीत. मी माझा कागद केला आहे: गाळलेलं मुगाचं वरण तूप घालून, तांदळाची पेज, नाचणीची पातळ खीर, दुधात बदाम-खारकेची अगदी बारीक पूड, दुधीचं सूप, टोमॅटोचं सार, नारळपाणी. ताक वेगळ्या वेळी, डाळीबरोबर नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मध लिहिला असेल तर खोडा, त्याजागी गूळ. तयार प्रोटीन पावडरच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचा.

कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं, गोळी किंवा पातळ औषध मागा. टाक्यांचा कॅटगट धागा जनावरांच्या आतड्यापासून करतात. व्हिक्रिलसारखा कृत्रिम धागा मिळतो, तो आधी सांगून ठेवा. हाडाची भर घालायची वेळ आली तर ती कशाची, तेही विचारा, बैलाच्या हाडापासून केलेली भरही वापरतात. आम्ही विचारलं तेव्हा सर्जन हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आणि रात्रिभोजनाचा त्याग? लेकीचा नियम आहे. तोंडातून एका वेळी वाटीभरही जात नाही, तेव्हा दिवसातून आठ-दहा वेळा थोडं थोडं द्यावं लागतं, आणि तेही सूर्यास्ताच्या आत. वजन उतरतंच. ज्या माताजींकडे तिनं नियम घेतला, त्यांनाच आम्ही विचारलं. दुखण्यापुरती औषध आणि पाण्याची मोकळीक ठेव, असं त्यांनी सांगितलं. तुमचा नियम असेल तर ज्यांच्याकडे घेतला त्यांनाच विचारा, शेजारणीला नको.

एक गोष्ट लहान मुलांच्या आयांसाठी. दहा-अकरा वर्षांच्या मुलीचे वरचे दात फार पुढे दिसत असतील तर त्याच वयात दाखवा. वाढ चालू असताना ट्विन ब्लॉकसारखं काढता-घालता येणारं उपकरण पुष्कळदा दातांचं अंतर बरंच कमी करतं आणि मोठं ऑपरेशन टळू शकतं. आणि पोर हनुवटीवर आपटलं, हनुवटी फुटून टाके पडले, तर तेवढ्यावर थांबू नका. कानापुढचा जबड्याचा सांधा दुखावला आहे का, हे एक्स-रे काढून पाहायला सांगा. तो सांधा लहानपणी जखडला तर तोंड उघडणं कमी होत जातं आणि त्या बाजूचा जबडा वाढायचा थांबतो.

सर्जननी आम्हाला दोन तारखा दिल्या आहेत, एक डिसेंबरची आणि एक मेची. घरातल्या सगळ्यांचं मत डिसेंबर, कारण मे लग्नसराईचा. लेकीनं पंचांग काढलं. आमच्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, मेमध्ये सातला, आणि उगवतोही लवकर. दिवस जवळजवळ दोन तासांनी मोठा. "आई, दोन तास म्हणजे दोन वाट्या पेज जास्त," म्हणाली, आणि मेची तारीख कळवून टाकली.