बर्फाचा भरंवसा

सुटी लागतांच सह्याद्रीचे किल्ले पालथे घालणारीं आपलीं मुलें आतां हिंवाळ्यांत हिमालयाच्या वाटाही तुडवूं लागलीं आहेत, याचें आम्हांस कौतुकच वाटतें. परंतु कळसूबाई चढून आलेल्यास बर्फही कळतो, ही समजूत आम्हांस घातक वाटते. सह्याद्रीचा दगड हातास लागतांच आपला स्वभाव सांगतो; बर्फ तो पोटांत दडवून ठेवतो.

हिमलोट कोसळला कीं वृत्तपत्रें 'निसर्गाचा कोप' असा मथळा देतात. आमच्या मतें हें अर्धेंच सत्य होय. हौसेनें गेलेले प्रवासी लोटाखालीं सांपडतात, तेव्हां बहुतेक प्रसंगीं तो त्यांच्या किंवा सोबत्यांच्याच भारानें सुटलेला असतो. बर्फ थराथरांनीं सांचतो. थर पातळ आणि रात्री कडाक्याच्या असल्या म्हणजे जमिनीलगतची ऊब वाफेच्या रूपानें वर चढते व खालचे कण दाणेदार साखरेसारखे सुटे होतात. त्यांवर वाऱ्यानें घट्ट थर रचला कीं सांपळा तयार झाला! वर माणूस चढतो, खालचे दाणे ढांसळतात, 'धप्' असा आवाज होतो, पायापासून भेग धांवत सुटते आणि सबंध फळीच घसरते. त्यास उभा कडा लागतो असेंही नाहीं. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार, म्हणजे घरच्या जिन्याएवढा चढही, पुरतो.

४ ऑक्टोबर २०२२ रोजीं उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा शिखराजवळ अशाच लोटांत सांपडली. सत्तावीस मृतदेह हातीं आले. त्यांत शिक्षिका सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षीं मे महिन्यांत त्यांनीं एव्हरेस्ट सर केलें होतें. अनुभवाचा बडिवार बर्फापुढें चालत नाहीं, हें याहून स्पष्ट कोण सांगणार?

हिमवृष्टीनंतर पहिल्यानें उघडलेला निरभ्र दिवस सर्वांत मोहक, आणि फार धोक्याचा. पैसे भरलेले, रजा संपत आलेली, शिखर समोर. अशा वेळीं मागें फिरा म्हणणारा नायक मुलांस भित्रा वाटतो. आम्हांस तोच खरा नायक वाटतो. चंडीगडच्या संरक्षण संशोधन संस्थेकडून हिमलोटाचे इशारे प्रसिद्ध होतात, ते अवश्य पाहावेत. पण ते विस्तृत प्रदेशासाठीं असतात, पायाखालच्या उतारासाठीं नव्हेत.

पालकांस आमची सूचना अशी कीं, लोकरीचे मोजे किती घेतले हें विचारण्याआधीं दुसरें विचारावें: प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर यंत्र, शोधकाठी व फावडें आहे काय? पुरलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वांचतो. अर्ध्या तासानें आशा फार थोडी उरते. खालच्या गांवाहून मदत तोंवर येत नाहीं. सोबत्यांनींच शोधावयाचें असतें. नुसतें यंत्र बाळगूनही भागत नाहीं, तें वापरण्याची संवय हवी. त्यास बर्फच पाहिजे असें नाहीं. पांचगणीच्या पठारावर एक यंत्र पिशवींत घालून गवतांत लपवावें, आणि घड्याळ लावून तें शोधावयास मुलांस सोडावें.