बाटलीवरची चिठ्ठी

‘सेंद्रिय’ म्हणजे ‘अहिंसक’ असे अनेक घरांत गृहीत धरले जाते. वस्तुतः पानांवर फवारण्याच्या सेंद्रिय द्रवखतांपैकी काही माशांपासून बनतात. मासे गुळात कुजवून केलेले ‘फिश अमिनो’ त्यांतलेच. ज्या घरी सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, तेथील मोगऱ्यावर ते शिंपडले जावे, हे विपरीतच. म्हणून किमतीआधी घटक वाचावेत. चिठ्ठीवर घटकच नसतील, तर बाटली परत करावी.

समुद्रशैवालाचा अर्क हा सुलभ पर्याय. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने ‘कॅपाफायकस’ या शैवालापासून असा अर्क काढण्याची पद्धत विकसित केली. त्याची लागवड तामिळनाडूच्या किनाऱ्यावर होते. मात्र काही बाटल्यांत शैवालाबरोबर मासळीचा अर्कही मिसळलेला असतो. शिवाय शैवालात नत्र अल्प असते. तेव्हा कुंडीतले कंपोस्ट बंद करून चालत नाही. फवारणी हा पूरक आहार. मुख्य अन्न झाड मुळांवाटेच घेते.

साधारणतः लिटरभर पाण्यात २ ते ३ मिलिलिटर अर्क पुरतो. तरी चिठ्ठीवरील प्रमाण ओलांडू नये, दाट द्रावणाने पाने करपतात. बहुतेक झाडांची पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूस अधिक असतात, म्हणून तुषार खालूनही द्यावेत. वेळ सकाळची, ऊन चढण्यापूर्वीची. भर दुपारी द्रावण शोषले जाण्याआधीच सुकते. उमललेल्या फुलांवर मधमाश्या असतील, तर त्या झाडाची फवारणी दुसऱ्या दिवसावर ढकलावी.