साहेबांची हॉटेले आणि आपली माणसे

जुन्या भव्य हॉटेलांची चित्रपोस्टकार्डे जमवण्याचा मला छंद आहे. सोलापुरातले मित्र हमखास विचारतात, "सर, साहेबांच्या मौजमजेच्या खुणा कशाला सांभाळता?" प्रश्न रास्त आहे, पण त्यामागचे गृहीतक मला मान्य नाही. हल्ली कुठलीही जुनी वास्तू दिसली की ती 'आपली' की 'त्यांची' हे आधी ठरते. मग तिच्याकडे नीट पाहण्याची कुणाला गरज वाटत नाही.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलचे कार्ड घ्या. हॉटेल डिसेंबर १९०३ मध्ये उघडले, गेटवे ऑफ इंडिया पूर्ण झाले १९२४ साली. कार्डावर गेटवेची जागा रिकामी दिसली, तर छायाचित्र त्याआधीचे. वर्गात मुले हे कोडे आवडीने सोडवतात.

चित्राखाली मात्र हॉटेलचे नाव तेवढे छापलेले असते. पैसा पारशी जमशेटजी टाटांचा. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने काम पुरे केले. घुमट-कमानींत युरोपीय आणि इस्लामी वळणे एकत्र नांदतात. दगड घडवणाऱ्यांची आणि सामान वाहणाऱ्यांची नावे तर कुठेच नाहीत. आता सांगा, ही इमारत कुणाची?

काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलचेही तसेच. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून मुंबईत जोडला गेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात पहिल्यांदा तिथेच दाखवली गेली. तिथे जमशेटजींना प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधला, ही गोष्ट आपण चवीने सांगतो. अनेक अभ्यासक ती खरी मानत नाहीत. सोयीची गोष्ट पुरावा न मागता पसरते, मग ती अभिमानाची असो की द्वेषाची. आज ती इमारत जर्जर झाली आहे.

म्हणून छंदवाल्यांना माझी विनंती आहे. कोऱ्या, चकचकीत कार्डांइतकीच लिहिलेली, शिक्का बसलेली कार्डेही घ्या. तारीख आणि पत्ता त्यांवरच सापडतो. अल्बममध्ये प्रत्येक कार्डाखाली बांधणाऱ्यांची नावे लिहा, माहीत नसतील तर जागा मोकळी ठेवा. आणि आपल्या गावातल्या मुसाफिरखान्यांचे, धर्मशाळांचे, खानावळींचे फोटोही जपा. त्यांची पोस्टकार्डे कुणी छापली नाहीत. ते घरातल्या पेट्यांतच सापडतील, आणि पेट्या आता भंगारात चालल्या आहेत.