फॉर्म भरून घेतला, पुढं काय?

मागच्या सेममधली गोष्ट. रविवारची सकाळ होती. मेसमध्ये पोहे संपत आले होते आणि आम्ही दहा-बारा जण अर्धवट झोपेत चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात रेक्टर सर आले. त्यांच्यामागं पांढऱ्या ॲप्रनमधल्या तीन मुली आणि त्यांच्या मॅडम. "शहरातल्या नर्सिंग कॉलेजच्या आहेत. यांच्या रिसर्चसाठी फॉर्म भरून द्या. दहा मिनिटांचं काम आहे," सर म्हणाले आणि समोरच खुर्ची टाकून बसले.

पाच पानांचा फॉर्म. पहिल्या पानावर संमतीची सही. दुसऱ्या पानावर वय, गाव, वडिलांचा व्यवसाय, घरचं उत्पन्न. पुढं खरे प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी लागली? भूक लागते का? कशातच मन लागत नाही असं किती वेळा वाटलं? आपण घरच्यांना तोंड दाखवायच्या लायकीचे नाही असं वाटलं का?

आता खरं सांगतो. आमच्यातल्या एकानं फॉर्म भरला आणि बाकीच्यांनी तो छापला. जर्नल छापतो तसाच! सगळ्यांची झोप उत्तम, भूक उत्तम, टेन्शन शून्य. बारा मिनिटांत गठ्ठा परत. त्या मुली "थँक यू सर" म्हणून निघून गेल्या. आम्ही हसत वर आलो. त्या फॉर्मचं पुढं काय झालं हे आजतागायत आम्हाला माहीत नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

हा लेख लिहायचं कारण मात्र वेगळं आहे. माझा रूममेट मुखेड तालुक्यातला. (त्याला विचारून लिहितोय, नाव घालणार नाही असं कबूल केलंय.) त्याचे आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते उन्हाळा लागता लागता परत येतात. फॉर्ममध्ये वडिलांच्या व्यवसायापुढं नोकरी, व्यापार, शेती, इतर असे चार रकाने होते. त्यानं 'शेती'वर टिक केली. मी बघितलं तर म्हणाला, "आहे की दीड एकर कोरडवाहू. खोटं कुठं आहे?"

परीक्षा झाल्यावर एका रात्री दोन वाजता जाग आली तर हा खिडकीत बसलेला. "काय करायलास रे?" म्हटलं. तेव्हा कळलं की दोन महिने झाले, त्याला नीट झोपच नाही. दोन विषय राहतील याची खात्री, घरी मुकादमाची उचल अजून फिटलेली नाही आणि आई फोनवर रोज एकच विचारते, "बाळा, जेवलास का?" तो रोज "हो" म्हणतो. मी म्हणालो, "अरे, मग त्या फॉर्मवर का नाही लिहिलंस?" तर म्हणाला, "लिहिलं असतं तर कोण परत येणार होतं?"

मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री देता आलं नाही. तेव्हापासून शोधतोय.

आपण इंजिनिअरिंगवाले. सेन्सरनं खोटं रीडिंग दिलं तर कंट्रोलर कितीही भारी असो, काही उपयोग नाही हे आपल्याला कळतं. आणि रीडिंग बरोबर असूनही आउटपुटकडून इनपुटकडे काहीच परत येत नसेल तर ती ओपन लूप सिस्टिम, हेही कळतं. आपल्याकडच्या अशा पाहण्यांमध्ये दोन्ही दोष आहेत. आपण खोटं रीडिंग देतो आणि तिकडून काही परत येत नाही. परत येत नाही म्हणून आपण खोटं देतो, आणि खोटं दिलं म्हणून परत येण्यासारखं काही उरत नाही. चूक एकाची नाही, दोघांची आहे.

काही जण म्हणतील, नर्सिंगच्या पोरी, परीक्षेसाठी एक प्रोजेक्ट करतात, त्याचं एवढं काय? थांबा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला दिवा घेतलेली बाई म्हणून माहीत आहे. पण १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धानंतर तिनं केलेलं मोठं काम आकड्यांचं होतं. सैनिक जखमांपेक्षा घाण आणि रोगराईनं जास्त मेले, हे तिनं १८५८ मध्ये एका गोल आकृतीतून सरकारपुढं मांडलं. ती आकृती आजही स्टॅटिस्टिक्सवाले दाखवतात. रुग्णाच्या उशाशी जो बसतो त्याला आधी दिसतं. त्यानं मोजलं आणि मांडलं तर फरक पडतो.

आणि हे परदेशातच घडतं असंही नाही. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्या जातात ही गोष्ट गावोगावी माहीत होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. एकानं सुट्टी घेतली तरी खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. मग पाळीचा त्रास, पोटाचं दुखणं यावर 'एकदाचं काढूनच टाका' हा इलाज. माहीत सगळ्यांना होतं, मोजलं कोणी नव्हतं. २०१९ मध्ये बातम्या आल्या, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी आधीच्या दहा वर्षांत काढलेली निघाली. म्हणजे साधारण दर सहा जणींत एक! बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. प्रश्न पूर्ण सुटला असं मी म्हणत नाही. पण 'लोक म्हणतात' याचा 'नोंद आहे' असा बदल झाला, तो त्या बायका खरं बोलल्या म्हणून. लाजेचा विषय होता तरी बोलल्या. आणि आपण? झोप लागत नाही एवढं लिहायलाही लाजलो.

आता दुसरी बाजू, विचारणाऱ्यांची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' संस्थेचं काम सुरू केलं. सुरुवातीला डॉ. अभय बंग यांनी आदिवासींमधल्या सिकल सेल आजाराचा अभ्यास केला. अभ्यास चांगला झाला, सरकारनं दखल घेतली, पण लोकांनाच त्यात रस नव्हता. तो डॉक्टरांना पडलेला प्रश्न होता, लोकांना पडलेला नव्हता. हा धडा त्यांनी स्वतःच पुढं अनेकदा सांगितलाय. नंतर त्यांनी लोकांना विचारून विषय घेतले. दवाखाना कसा हवा हेही विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते असं लोक म्हणाले म्हणून तो आदिवासींच्या घरांसारखा बांधला आणि लोकांच्याच म्हणण्यानुसार त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं.

मग बाळांच्या मृत्यूचा प्रश्न घेतला. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, ऊब देणं, न्यूमोनिया ओळखणं हे त्या घरी जाऊन करू लागल्या. ३९ गावांमधलं नवजात बाळांच्या मृत्यूचं प्रमाण हजारी ६२ होतं, ते तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आलं. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ मध्ये केंद्र सरकारनं ही घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याची पद्धत देशभर आशाताईंच्या कामात घेतली. आज तुमच्या-माझ्या गावात आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाते ना, त्यामागं हे संशोधन आहे. जिथून आकडा उचलला त्याच उंबऱ्यावर उत्तर परत आलं. लूप पूर्ण झाला. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर तुळजापूर तालुक्यातलं अणदूर घ्या. तिथं हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्या बायकांनाच 'भारतवैद्य' म्हणून शिकवून तयार केलं. विचारणारी बाई गावातलीच असली की तिला उत्तर खरं मिळतं आणि उद्या ती पुन्हा समोर दिसणार असते.

यावर आपल्यातलेच काही जण, आणि काही सरसुद्धा, म्हणतात, "आमच्या वेळी नव्हतं बाबा हे डिप्रेशन-बिप्रेशन. ही शहरी फॅडं." माझी आजी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आजी अजूनही त्या वेळेच्या आधी उठून अंगणात येऊन बसते. तिला डिप्रेशन हा शब्द माहीत नाही. भूकंपानंतर पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेनं डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकारानं या भागातल्या लोकांच्या मनावर झालेल्या परिणामांचा अभ्यास केला होता. म्हणजे मनाचं दुखणं आपल्या मातीतही होतं आणि मोजणाऱ्यांनी ते मोजलंही होतं. आपण फक्त त्याला 'टेन्शन' म्हणून उडवून लावतो.

आणि आकडे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२३ या एका वर्षात देशात १३,८९२ विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवलं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. आपल्यातले कितीतरी जण लातूरच्या ट्यूशन एरियात दोन वर्षं घासून इथं आलेत. तिथं प्रत्येक टेस्टचा मार्क मोजला जायचा, रँक भिंतीवर लागायची. झोप, भूक, एकटेपणा यांचा चार्ट कोणी लावला होता का?

नुसती टीका करून काय होणार? म्हणून काही सूचना करतो.

पहिली आपल्यासाठी. पुढच्या वेळी फॉर्म आला तर छापायचा नाही. खरं लिहायचं नसेल तर 'मला भरायचा नाही' असं सरळ सांगायचं. संमतीची सही त्यासाठीच असते. रिकामा फॉर्म परवडला, पण खोटा फॉर्म दुसऱ्या एखाद्या पोराची वाट अडवतो.

दुसरी रेक्टर सरांसाठी. सर, राग मानू नका, पण तुम्ही समोर खुर्ची टाकून बसल्यावर 'मला रात्री रडू येतं' असं कोण लिहील? फॉर्म भरताना खोलीत फक्त त्या मुली असू द्या.

तिसरी नर्सिंग कॉलेजसाठी. अभ्यास संपला की एक पान, मराठीत, आमच्या मेसच्या बोर्डावर लावा. कोणाचं नाव नको. किती जणांना विचारलं, काय निघालं, आता काय करता येईल, एवढंच. फॉर्मला नाव नसतं, त्यामुळं कोण अडचणीत आहे हे तुम्हाला कळणार नाही, मान्य. मग प्रत्येक फॉर्मसोबत घरी ठेवायची एक चिठ्ठी द्या. तिच्यावर समुपदेशकाची वेळ आणि 'टेलि-मानस'चा १४४१६ हा नंबर छापा. २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा फुकट आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. आमच्या होस्टेलवर किती जणांना हा नंबर माहीत आहे, विचारून बघा!

चौथी सगळ्यांसाठी. होस्टेलमध्ये फक्त विद्यार्थी राहत नाहीत. पहाटे पाचला पोळ्या लाटायला बसणाऱ्या मावशी आहेत, रात्रभर जागणारे वॉचमन काका आहेत, संडास-बाथरूम धुणाऱ्या ताई आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं. आपल्या मावशींचं हिमोग्लोबिन कधी कोणी तपासलंय? पुढच्या वेळी फॉर्म त्यांच्यापासून सुरू करा. लिहायला आम्ही बसतो.

असो. रूममेटचं काय झालं ते सांगतो. त्या रात्रीनंतर चार दिवसांनी आम्ही दोघं मिळून आमच्या एका मॅडमकडे गेलो. त्यांनी स्वतः सोबत येऊन त्याला डॉक्टरांकडे नेलं. दोनपैकी एक विषय निघाला, एक राहिला. झोप हळूहळू येतेय. परवा आईचा कारखान्यावरून फोन आला. "जेवलास का?" तर हा म्हणाला, "नाही गं, आज भूक नव्हती. तब्येत जरा बरी नाही." पलीकडं आई थोडा वेळ गप्प राहिली. मग वीस मिनिटं दोघं बोलत होते.

त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा फॉर्म खरा भरला, असं मला वाटलं. विचारणारं माणूस उत्तर ऐकायला थांबलेलं होतं, म्हणून भरला.