तिला पोलिसानं हाणलं न्हाई का?



यावेळी संपादकीय चॉकलेटवर. हसू नका. मोर्चावर लिहिलं असतं तर तुम्ही मान डोलावून पान उलटलं असतं. पण आपल्या मेंदूत रोज विनापरवाना घुसतो तो मोर्चा नव्हे, जाहिरात घुसते.

१९९४ सालची कॅडबरीची ती जाहिरात तुम्ही मोबाइलवर पाहिली असेल. फलंदाज नव्व्याण्णववर खेळतोय. त्याची मैत्रीण स्टँडमध्ये चॉकलेट खात, जीव मुठीत धरून बसलीय. चेंडू उंच उडतो, षटकार. आणि फुलाफुलांचा फ्रॉक घातलेली ती पोरगी अडवायला आलेल्या गार्डाला हुलकावणी देऊन थेट मैदानात घुसते, बेभान नाचते. तो लाजतो. सगळं स्टेडियम खूष. ओगिल्व्ही कंपनीच्या पियूष पांडे यांच्या डोक्यातून निघालेली ही कल्पना. धंद्याचा हिशेब सरळ होता: चॉकलेट म्हणजे लहान पोरांचा खाऊ, तो मोठ्यांच्याही तोंडात घालायचा. २०२१ च्या सप्टेंबरात तीच जाहिरात पुन्हा आली. गाणं तेच, पण बॅट बाईच्या हातात आणि नाचणारा पुरुष. पांढरपेशा देश रडला. काय दिवस होते, किती साधे, किती निरागस!

मलाही भरून आलं. हे आधीच कबूल करतो, नाहीतर पुढचं सगळं ढोंग ठरेल.

कारण १९९४ ला मी दहा वर्षांचा होतो. सिन्नरला आमच्या वस्तीत टीव्ही नव्हता, वरच्या आळीत एका घरी होता. मॅच असली की आम्ही पोरं त्या घराच्या दारात जमायचो. उंबऱ्याच्या आत यायचं नाही, हे कुणी सांगितलेलं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. आतली मोठी माणसं टीव्हीपुढं बसलेली, त्यांच्या डोक्यांमुळं मॅच काही दिसायची नाही. ओव्हर संपली की कुणी पाणी प्यायला उठायचं, कुणी तंबाखू मळायला, आणि मधली वाट मोकळी व्हायची. म्हणजे आमच्या वाट्याला जाहिराती आल्या. सचिनची एक इनिंग मला धड आठवत नाही, पण ती नाचणारी पोरगी हाताच्या मुद्रांसकट पाठ आहे. चॉकलेट कुठलंही असो, आम्ही त्याला कॅडबरीच म्हणायचो. खायला मिळायचं नाही, पण नाव पोचलं होतं. शाळेत बाबासाहेबांचा धडा यायच्या आधी कॅडबरी पोचली होती, साली.

घरी येऊन मी आईला ते सगळं नाचून दाखवलं. आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. सिन्नरच्या निम्म्या बाया तेव्हा हेच करायच्या: पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, हजारावर मजुरी, आणि त्यातही चेकर छाट काढणार. तिनं मान वर न करता विचारलं, "तिला पोलिसानं हाणलं न्हाई का रं?"

"न्हाई."

"मंग बाप मोठा आसंल तिचा."

माध्यमांवरची पुष्कळ पुस्तकं मी नंतर वाचली. इतकं नेमकं वाक्य एकातही सापडलं नाही.

आमचे काही समाजवादी मित्र म्हणतात, बाबा रे, त्या जाहिरातीत जात कुठंय? कुणाचं आडनाव आहे का? नाही. आडनाव लागतच नाही. गार्ड तिला अडवतो आणि तरी कुणाचं काही बिघडत नाही, तिथं ती दिसते. हुलकावणी खाल्लेला गार्ड म्हणजे विनोद, हे ज्याला वाटतं त्यानं आयुष्यात गार्डाचा दंडुका खाल्लेला नाही.

आता शब्द बघा. एक माणूस दोरी ओलांडतो आणि नाचतो. कृती एवढीच. जाहिरातीत तिला उत्स्फूर्त म्हणायचं, निरागस, दिलखुलास. आपलं पोरगं १४ एप्रिलच्या मिरवणुकीत तीच दोरी ओलांडून नाचलं की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो धिंगाणा होतो. हुल्लड होते. कर्णकर्कश होतं. ६ डिसेंबरला लाखो माणसं दादरला आली की रहदारीचा खोळंबा होतो आणि पार्कात कचरा होतो. आनंदाला नाव कुठलं द्यायचं ते नाचणाऱ्याचा पत्ता विचारून ठरतं.

आणि तो निरागस काळ? त्याच १९९४ च्या १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. विधिमंडळाचा ठराव १९७८ चा, म्हणजे मधे सोळा वर्षं, जळालेल्या वस्त्या, पोचीराम कांबळे यांचा खून. आदल्याच नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं होतं. त्या १४ जानेवारीला आमच्या वस्तीत हलगी वाजली, म्हातारी माणसंसुद्धा नाचली. पोलिसांची गाडी कोपऱ्यावर सकाळपासून उभी होती. तो नाच कुणी गोड आठवण म्हणून पुन्हा शूट केलेला नाही. कारण आठवणींचा बाजार मांडणारे 'आपण' म्हणतात तेव्हा त्या 'आपण'मध्ये माझी आई नसते. तिच्या मुलाचे पाचदहा रुपये मात्र असतात.

२०२१ ची अदलाबदल वाईट नाही. बाईच्या हातात बॅट आली, तिला आपला कडक जयभीम. पण मैदानावर दोनच माणसं असतात का? पिचवर रोलर फिरवणाराही असतो. पालवणकर बाळू पुण्यात पारशांच्या मैदानावर महिना तीन रुपयांवर झाडलोट करायचे, रोलर ओढायचे. चांभाराचं हे पोरगं पुढं १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आलं. आणि पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळताना त्यांना चहा कसा मिळायचा? इतरांना पॅव्हेलियनच्या आत कपबशी, त्यांना बाहेर मातीच्या फेकायच्या भांड्यात. क्रिकेटच्या जुन्या आठवणी विकायच्याच असतील तर हे मातीचं भांडंही त्याच दुकानातलं आहे. त्याला गिऱ्हाईक नाही.

बरं, आपण जाहिरातीत येतच नाही असंही नाही. २००१ च्या 'लगान'मधला कचरा आठवतो ना? २०२३ च्या पर्यावरण दिनाला झोमॅटोनं त्याच नटाला घेऊन जाहिरात केली. कचऱ्यापासून काय काय बनतं ते दाखवायला त्या माणसाचा दिवा केला, झारी केली, कागदावर ठेवायचं वजन केलं. ओरड झाली, अनुसूचित जाती आयोगानं नोटीस काढली, जाहिरात मागं घेतली गेली. पण स्क्रिप्ट लिहिली गेली, मंजूर झाली, शूटिंग झालं, एडिटिंग झालं, आणि त्या अख्ख्या रांगेत एकाच्याही घशात घास अडकला नाही! त्या रांगेत आपला एकही नव्हता म्हणून की होता आणि नोकरीसाठी गप्प बसला म्हणून, याचा विचार तुमच्यातल्या मास मीडियावाल्यांनी करायचा आहे. उद्या त्या टेबलावर तुम्ही बसणार आहात.

आता एक काम. १४ एप्रिलनंतरच्या दोन दिवसांचे पेपर घ्या, जमतील तेवढे, जिल्ह्याच्या आवृत्त्यासुद्धा. मिरवणुकीच्या बातमीतल्या विशेषणांखाली लाल रेघ मारा. गणपती विसर्जनानंतर पुन्हा तेच करा. दोन्ही कात्रणं एका कागदावर शेजारी शेजारी चिकटवून पाठवा, पेपरचं नाव आणि तारीख वर लिहा. आपल्याकडून एक शब्दही न जोडता आम्ही ती छापू. पत्ता नेहमीचाच.